तांबटाचा कान व कामाची वर्गवारी



मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख लिहून द्यावा, अशी संपादक मंडळाने यंदाही आम्हांस आज्ञा केली. आपल्या ज्ञातीची उत्पत्ती, कुलदैवते व पेशवाईत आपल्या पूर्वजांना मिळालेला आश्रय यांविषयी आजवर अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व सारी हयात प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे घालविलेल्या आमच्यासारख्याने त्यांत भर ती काय घालावी? म्हणून यंदा आम्ही थोडा निराळा विषय घेतला आहे. आपल्या वाडवडिलांच्या हातांची कीर्ती सर्वत्र गाइली जाते. त्यांच्या कानांचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही. तो लिहिताना एका मोठ्या प्रश्नाचाही विचार करावा लागतो. तो प्रश्न असा की, जगातील कामांची वर्गवारी माणसाने आजवर कशी केली, आणि ती कशी करावयास हवी?

आमचा जन्म तांबट आळीतला. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी सर्वश्रुत आहे. आमच्या गावची आळी तिच्या मानाने फार लहान, पंधरा-वीस घरांची. सकाळी सातच्या सुमारास पहिला हातोडा पडे आणि मग दिवेलागणीपर्यंत आळी घुमत राही. आमचे तीर्थरूप अण्णा, धाकटे काका व दोन कारागीर असे चौघे जण पडवीत बसून हंडे, घागरी, घंगाळी व बंब घडवीत. आत माजघरात मातोश्रींना शेजारणीशी बोलावयाचे झाले तर ओरडूनच बोलावे लागे. उन्हाळ्यात झाडावर बसून एकसारखा टुक्‌ टुक्‌ करणारा जो लहानसा पक्षी आहे, त्याला लोकांनी तांबट हेच नाव दिले आहे. त्याचा आवाज ऐकून बाहेरगावचे पाहुणे कौतुक करीत. अण्णांना तो पक्षी आपल्या नावाचा आहे हे ठाऊक होते. त्याचा आवाज मात्र त्यांना ऐकू येत नसे.

सन १९७६ साली आम्ही मॅट्रिक झालो, तेव्हा आपल्या ज्ञातीच्या गुणगौरव समारंभात आमचे नाव पुकारण्यात आले. अण्णा दुसऱ्या रांगेत बसले होते. नाव दोनदा पुकारले गेले, टाळ्या पडल्या, आणि अण्णा मागे वळून कोणाचा मुलगा उठतो ते पाहू लागले. शेजारच्या गृहस्थांनी कोपराने ढोसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. घरी परतताना वाटेत त्यांनी आम्हांस विचारले, "माइक बिघडला होता काय रे?" आम्ही "होय" म्हणालो. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस होते. आळीत कोणालाच या गोष्टीचे नवल वाटले नाही. तांबटाचा कान पन्नाशीच्या आत जावयाचाच, अशी सर्वांची समजूत होती. केस पिकतात तसा कान जातो, एवढाच त्याचा अर्थ घेतला जाई.

पुढे शिक्षकी पेशात असता वाचनाचा थोडाफार नाद लागला, आणि इटली देशातील एका वैद्याची हकीकत आमच्या वाचनात आली. ती वाचून आम्ही थक्क झालो.

या वैद्याचे नाव बर्नार्दिनो रामात्झिनी. त्याचा जन्म १६३३ साली कार्पी गावी झाला. तो आधी मोदेना येथे व नंतर पादुआ येथे वैद्यकाचा प्राध्यापक होता. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. या ग्रंथाचे निमित्त ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रामात्झिनीच्या घरचा शौचकूप उपसण्यास एक मनुष्य आला होता. तो जिवाच्या आकांताने घाई करीत आहे, हे पाहून वैद्याने कारण विचारले. त्या दुर्गंधीत अधिक वेळ राहिल्यास डोळे कायमचे जातात, म्हणून लवकर सुटका करून घेतो, असे त्या मनुष्याने सांगितले. दुसरा कोणी असता तर नाकाला रुमाल लावून आत गेला असता. रामात्झिनीने गावातील त्या धंद्याची इतर माणसे शोधून त्यांचे डोळे तपासले, आणि मग एकामागून एक धंदे पाहत सुटला. खाणकामगार, कुंभार, सोनार, लोहार, कातडी कमावणारे, धोबिणी, सुईणी आणि लेखणी खरडणारे कारकूनही त्याने सोडले नाहीत. रोग्याला तपासताना वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत 'तू काम कोणते करतोस?' या प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता.

या ग्रंथात तांबटही आहेत. व्हेनिस शहरात तांबे ठोकणाऱ्यांची एक स्वतंत्र वस्ती होती. तेथे दिवसभर असा गदारोळ चाले की, त्या धंद्यातील लोकांवाचून दुसरे कोणी तेथे बिऱ्हाड करीत नसत. ते लोक आधी कानाने जड होत व म्हातारपणी ठार बहिरे होत, असे रामात्झिनीने नोंदविले आहे. बंधूंनो, व्हेनिसचे तांबट आपल्या ज्ञातीचे नव्हते. त्यांचा धर्म, देश व भाषा सारेच निराळे. तरी त्यांचा कान आमच्या अण्णांच्या कानासारखाच गेला. तेव्हा कान जाणे हा आपल्या जन्माचा भाग नसून कामाचा भाग आहे, ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीच एका वैद्याने पाहून ठेवली होती.

हाच धागा पुढे ग्लासगो येथील टॉमस बार नावाच्या कर्णवैद्याने उचलला. १८८६ साली त्याने तीन प्रकारच्या कामगारांचे कान ताडून पाहिले : शंभर बॉयलर बनविणारे, शंभर लोखंडाचे ओतारी व शंभर टपालवाले. तिघेही कष्टकरी, एकाच शहराचे पाणी पिणारे. फरक होता तो कामातील आवाजाचा. बॉयलरच्या पोटात बसून खिळे ठोकून घेणाऱ्या शंभरांपैकी एकाचाही कान निरोगी आढळला नाही. तथापि पाहणे निराळे आणि मान्य करणे निराळे. इंग्लंडातील कायद्याने अशा बहिरेपणास नुकसानभरपाईस पात्र रोग म्हणून मानले ते विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, म्हणजे बारच्या शोधानंतर सुमारे नव्वद वर्षांनी.

हा विलंब का व्हावा? या व्याधीचे स्वरूपच तसे आहे. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असून आवाजाच्या लाटेने त्या हलतात व मेंदूस वर्दी देतात. एखादे दिवशी फार आवाज झाला तर त्या शिणतात आणि विश्रांती मिळताच बहुधा सावरतात. परंतु वर्षानुवर्षे रोज तोच मारा झाला तर त्या मरतात, आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. यात दुखत नाही, रक्त येत नाही, कोणी कामावरून घरी बसत नाही. प्रथम बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात : पाखराचा, लहान मुलाचा, बायकांचा. बोलणे कानावर पडते पण शब्द उमगत नाहीत. मग घरची मंडळी म्हणतात, हे लक्षच देत नाहीत. आमच्या मातोश्रींनी अण्णांवर हा आरोप कितीदा केला असेल याची गणती नाही. हे ज्ञान आम्हांस झाले तेव्हा दोघेही हयात नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कामांची वर्गवारी ही काही नवी गोष्ट नाही. आपल्या देशात ती सहस्रावधी वर्षे चालत आली आहे. मात्र ती वर्गवारी कामाच्या परिस्थितीवरून झाली नाही. कोणत्या कामात धूळ किती, धूर किती, उष्णता किती, आवाज किती, हे कोणी मोजले नाही. काम करणारा कोणाच्या पोटी जन्मला एवढे पाहिले, आणि त्यावरून काम उच्च की नीच ते ठरविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, जातीमुळे केवळ कामे वाटली जात नाहीत, तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात. या वर्गवारीत आमच्या वाट्यास जो मान आला त्याचे आपण गोडवे गातो. परंतु तिनेच आपल्याला असेही शिकविले की, तांबटाने बहिरे व्हावे, पाथरवटाने धुळीने खोकावे आणि मैला उपसणाऱ्याने गुदमरून मरावे हे ज्याच्या त्याच्या नशिबी असते. जे नशिबी आहे त्यावर उपाय कोण शोधणार? रामात्झिनीने शौचकूप उपसणाऱ्याला प्रश्न विचारला, तसा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतके कोणी विचारला नाही, याचे कारण हेच असावे असे आम्हांस वाटते. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेवर बंदी घालणारे कायदे आपल्याकडे झाले ते १९९३ व २०१३ साली.

दुसऱ्या प्रकारची वर्गवारी, म्हणजे कामाचीच पारख करून केलेली, ती कारखान्यांच्या युगाबरोबर आली. जर्मनीत १८८४ साली कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. त्यात धंद्यांचे धोक्यानुसार वर्ग पाडून, ज्या वर्गात धोका अधिक त्या वर्गातील मालकांकडून वर्गणी अधिक घेण्यात येऊ लागली. इंग्लंडात १८९१ च्या कायद्याने एखादा धंदा धोकादायक म्हणून जाहीर करून त्यासाठी खास नियम करण्याचा अधिकार सरकारास मिळाला. १८९५ साली शिसे, फॉस्फरस व संखिया यांची विषबाधा आणि काळपुळी हे रोग आढळल्यास सरकारला कळविणे बंधनकारक झाले. १८९८ मध्ये टॉमस लेगी या डॉक्टरांची कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. शिशाचे काम करणारा आळशी म्हणून निस्तेज दिसत नाही, त्याच्या रक्तात शिसे गेले आहे म्हणून दिसतो, ही गोष्ट सरकारी दप्तरात अशी हळूहळू शिरली.

आपल्या देशातील आरंभ मुंबईच्या गिरण्यांपासून झाला. १८८१ च्या पहिल्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. यावरून त्यापूर्वी काय चालत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारास सादर केला. आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई या त्यांतील मागण्या होत्या. त्यांच्या खटपटीनेच १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कायद्याने बालकामगाराचे किमान वय नऊ झाले. १९२२ साली प्रौढांसाठी आठवड्याची मर्यादा साठ तासांची झाली, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्न तासांची, आणि १९४६ साली, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असता, अठ्ठेचाळीस तासांची. दरम्यान १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने प्रथमच काही रोग हे कामाचे रोग म्हणून मान्य केले. ती यादी आरंभी काळपुळी आणि शिसे व फॉस्फरसची विषबाधा एवढीच होती.

हा इतिहास गौरवाचा आहे. परंतु तो वाचीत असता आम्ही सारखा एकच प्रश्न विचारीत होतो : यांत आमची आळी कोठे आहे? उत्तर मिळाले की, ती कोठेच नाही. कारण या कायद्यांनी कामाचा धोका पाहण्यापूर्वी माणसांची डोकी मोजली. १८८१ च्या कायद्यात यंत्रशक्तीवर चालणारी व शंभर माणसांची जागा असेल तरच तो कारखाना. १८९१ मध्ये शंभराचे पन्नास झाले, १९२२ मध्ये वीस. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असल्यास दहा व नसल्यास वीस अशी मर्यादा घातली. आमच्या पडवीत माणसे होती चार.

१९४८ चा कायदा इतर दृष्टींनी फार विचारपूर्वक केलेला होता. त्याच्या ८७ व्या कलमान्वये राज्य सरकारला एखादे काम धोकादायक ठरवून त्यासाठी खास नियम करता येत. वर्गवारी कशी असावी याचा तो उत्तम नमुना होय. कारण तेथे धंद्याचे नाव किंवा कामगाराचे नाव न पाहता काम पाहिले जाई. ८५ व्या कलमान्वये सरकारला मनात आल्यास कमी माणसांच्या जागेलाही कायदा लागू करता येई. मात्र तेथे एक अपवाद घातला होता : मालक जर केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करीत असेल तर ती जागा वगळावी. घरात सरकारने लुडबूड करू नये, हा त्यामागील हेतू सज्जनपणाचा असेल. परंतु आपल्या ज्ञातीत कुटुंब हाच कारखाना होता. बाप, भाऊ, मुलगा हेच कामगार. जेथे धोका पिढीजात होता तेथेच कायद्याने उंबऱ्याशी जोडे काढून परत जावे असे झाले.

कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कापसाच्या धुळीचा फुप्फुसरोग, ॲस्बेस्टॉसचा रोग इत्यादींबरोबर बाविसाव्या क्रमांकावर आवाजाने येणारा बहिरेपणा घालण्यात आला. योगायोग असा की, ज्या साली अण्णा आमच्या नावाचा पुकारा ऐकू शकले नाहीत, तेच हे साल. त्यांचा रोग सरकारी यादीत आला, पण ते स्वतः त्या यादीच्या बाहेरच राहिले. १९८४ साली नुकसानभरपाईच्या कायद्यातही आवाजजन्य बहिरेपणाचा समावेश झाला. त्याच वर्षी २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथे विषारी वायूने हजारो जीव घेतले. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने एकोणतीस प्रकारच्या उद्योगांची धोकादायक म्हणून यादी करण्यात आली, आणि कामातील धोक्याची माहिती मिळण्याचा व धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांस मिळाला. या यादीत तांबे व जस्त यांचे मूळ उत्पादन आहे, ओतशाळा आहेत. हाताने तांबे ठोकणे नाही.

आता तो १९४८ चा कायदाही इतिहासजमा झाला आहे. २०२० साली संसदेने संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत कारखान्याची मर्यादा वाढवून यंत्रशक्ती असल्यास वीस व नसल्यास चाळीस केली आहे. हे पाहून आमचे मन खट्टू झाले, कारण डोकी मोजण्याची खोड गेली नाही, उलट वाढली. परंतु त्याच संहितेत असेही आहे की, सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेले काम जेथे चालते ती जागा, तेथे एकच माणूस असला तरी, संहितेच्या कक्षेत आणता येईल. म्हणजे दार किलकिले झाले आहे. त्या दारातून आत जावयाचे तर आपले काम कोणत्या वर्गात बसते हे आधी आपणांस सांगता आले पाहिजे. म्हणूनच हा लेख.

रशियात २०१३ च्या एका कायद्याने प्रत्येक कामाच्या जागेची तपासणी करून तिचे चार वर्ग ठरविण्याची पद्धत घातली आहे : अनुकूल, सह्य, हानिकारक व धोकादायक. मालकाचे वा कामगाराचे मत काय याला तेथे महत्त्व नाही. आवाज, उष्णता, धूळ, विषारी वाफा व शरीराची ओढाताण यांचे मोजमाप काय निघते याला आहे. त्यांचा कायदा आपल्याला लागू नाही, पण ही रीत उसनी घेण्यास कोणाची परवानगी नको. आपल्याच धंद्यातील कामे या चाळणीतून काढून पाहू.

पत्रा ठोकून आकार देणे व मठारणे यांत मुख्य धोका आवाजाचा. आपल्या देशातील कारखान्यांसाठी नव्वद डेसिबल आवाजात दिवसाकाठी आठ तास ही मर्यादा मानलेली आहे. पंचाण्णवाला चार तास, शंभराला दोन तास आणि एकशे पाचाला एकच तास. म्हणजे आवाज थोडा वाढला की वेळ निम्मा करावयाचा. एक सोपी खूण सांगतो. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडल्यावाचून बोलता येत नसेल, तर आवाज कानास घातक झाला असे समजावे. या खुणेने पाहता आपल्या आळीतले मठारकाम हानिकारक वर्गात पडते, हे सांगण्यास यंत्र नको. पितळ ओतण्याच्या कामात जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, दुसऱ्या दिवशी उतरतो, आणि सुटीनंतर कामावर गेल्यास पुन्हा जोराने येतो. आपण त्याला थंडीताप समजून काढा घेत आलो. कल्हई करताना तापल्या भांड्यावर नवसागर टाकला की जो धूर उठतो तो डोळ्यांस व घशास झोंबतो. आणि कथलात शिसे मिसळलेले असेल तर कल्हईवाला व जेवणारा दोघांच्याही पोटात विष जाते. भट्टीपाशी उष्णता, भांडी उजळताना आम्लाच्या वाफा, आणि तासन्‌तास वाकून बसल्याने कंबर व गुडघे यांची झीज ही निराळीच. एकाच पडवीत, एकाच ज्ञातीच्या माणसांकडून ही पाच-सहा कामे चालतात आणि प्रत्येकाचा धोका भिन्न आहे. 'तांबटकाम' असे एकच नाव दिल्याने हे सारे झाकले जाते.

वर्ग ठरला म्हणजे उपायही सुचतात, हा या रीतीचा मोठा गुण आहे. आवाजाच्या कामाला आवाज कमी करण्याचा उपाय. ठोकावयाच्या बैठकीखाली रबराचा जाड तुकडा किंवा वाळूची पिशवी घालावी, मठारण्याची जागा राहत्या घरापासून दूर करावी, एकाच माणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत न ठोकता पाळीपाळीने काम बदलावे, आणि कानात चांगले बोळे घालावेत. बोळे शेवटी सांगितले ते मुद्दाम; कारण आवाज तसाच ठेवून माणसाच्या कानात बोळा कोंबणे हा सर्वांत दुबळा उपाय आहे. आमचा एक पुतण्या औद्योगिक वसाहतीतील पत्रे दाबण्याच्या कारखान्यात आहे. तेथे बोळे कपाटात कुलपात असतात व तपासनीस येणार त्या दिवशी वाटले जातात, असे तो सांगतो. आपली तरुण मुले आळी सोडून गेली, हातोडा सोडून यंत्रावर बसली, तरी आवाज त्यांच्या मागोमाग गेलाच आहे. म्हणून हा प्रश्न केवळ आळीत उरलेल्या पाच-सहा घरांचा नाही.

येथे काही वडीलधारी मंडळी आक्षेप घेतील, नव्हे, एका बैठकीत घेतलाही आहे. ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलने आधीच आपला धंदा बुडविला. आता कोठे मठारकामाच्या भांड्यांना शहरांतून पुन्हा मागणी येऊ लागली आहे, आणि अशा वेळी आपला धंदा हानिकारक आहे असे आपणच छापून आणावे काय? मुले या धंद्यात राहतील काय? आम्ही या मंडळींचा आदर करतो व त्यांची कळकळ जाणतो. तरी नम्रपणे विचारतो की, मुलाला हा धंदा शिकविताना त्याला हातोडा कसा धरावा हे आपण सांगतो, मग कान कसा राखावा हे का सांगू नये? धंदा हानिकारक वर्गात आहे म्हणजे तो हलका आहे असे नव्हे. तसे वाटते ते जुन्या वर्गवारीच्या सवयीने. तीत काम व माणूस एकच मानले जात, आणि कामाला दोष दिला की तो माणसाच्या कुळाला लागे. नव्या वर्गवारीत कामाचा दोष कामापुरता राहतो व दूर करता येतो. खाणीला धोकादायक म्हटल्याने खाणकामगाराचा अपमान होत नाही. त्याच्या डोक्यावर टोप येतो.

यास्तव मंडळाच्या कार्यकारिणीस आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या धंद्यातील प्रत्येक कामाची एक पत्रिका तयार करावी. काम कोणते, धोका कशाचा, किती माणसे किती तास करतात, व उपाय काय, एवढे चार रकाने पुरेत. आवाजाचा अदमास आता मोबाइल फोनवरही घेता येतो. शाळकरी मुलेसुद्धा हे काम करतील. दुसरी, वार्षिक मेळाव्याच्या दिवशी हळदीकुंकू व गुणगौरव असतो तसा कानतपासणीचाही कार्यक्रम ठेवावा. चाळीस वर्षांवरील पुरुषांचीच नव्हे, तर नुकत्या कामाला लागलेल्या मुलांचीही तपासणी व्हावी, म्हणजे पुढील वर्षी ताडून पाहता येईल. घरात राहून तोच आवाज ऐकणाऱ्या भगिनींना वगळू नये. तिसरी, ही पत्रिका व तपासणीची नोंद जोडून, हाताने धातू ठोकण्याचे काम धोकादायक कामांत जाहीर करण्याविषयी सरकारकडे रीतसर अर्ज करावा. लोखंडे यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या होत्या. आपली ज्ञाती लहान आहे, तरी काही शे सह्या जमविणे अवघड नाही. शिवाय पाथरवट, लोहार व ओतारी बांधवांनाही यात सामील करून घेता येईल. कारण ही वर्गवारी जात विचारीत नाही.

अण्णा जाऊन आता वीसेक वर्षे होतील. शेवटच्या वर्षांत ते ओसरीवर बसून आमच्या लहान कन्येच्या ओठांकडे पाहत व ती काय बोलते ते ताडीत. पुष्कळदा चुकत, मग दोघेही हसत. एकदा तिने त्यांना पाटीवर लिहून विचारले, "आजोबा, तुमचा कान कोणी नेला?" त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेल्या हातोड्याकडे बोट केले. त्यांना ते ठाऊक होते. आम्हांस मात्र तो सारा हिशेब समजण्यास आणखी पंधरा वर्षे व कित्येक पुस्तके लागली.

यंदाच्या गुणगौरव समारंभात ज्या मुलामुलींची नावे पुकारली जातील, ती त्यांच्या वडिलांना पहिल्याच हाकेला ऐकू यावीत, एवढी प्रार्थना श्रीचरणी करून हा लेख पुरा करतो. लेखात न्यूनाधिक असल्यास ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी. इत्यलम्‌.